शिल्लक भ्रूणांचं काय करायचं: ‘संशोधनासाठी’ या चौकोनात खूण करण्याआधी

एम्ब्रियो फ्रीजिंगच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब उपचारात बनलेले भ्रूण गोठवून ठेवण्याच्या संमतीपत्रात एक ओळ असते, ‘शिल्लक भ्रूण संशोधनासाठी द्यावेत’ अशा अर्थाची, आणि तिच्या शेजारी रिकामा चौकोन. बहुतेक जोडपी तो चौकोन भरतात किंवा तसाच सोडतात ती अंडी काढायच्या दिवशी. सकाळची वेळ, पोटात काही नाही, हातात कागदांचा गठ्ठा, आणि शेजारी उभं राहून कुणीतरी ‘इथं सही, इथं सही’ सांगत असतं. पुढं मूल होतं, बारसं होतं. दोन वर्षांनी दवाखान्यातून फोन येतो: तुमचे चार एम्ब्रियो अजून टँकमध्ये आहेत, काय करायचं ते कळवा. तेव्हा कुठं लक्षात येतं की भ्रूणातून मूलपेशी, म्हणजे शरीरातल्या कुठल्याही पेशीत बदलू शकणाऱ्या पेशी, काढाव्यात का हा १९९८ पासून जगभर चाललेला वाद आपण त्या चौकोनात पाच सेकंदांत मिटवून टाकला होता.

त्या फोननंतर काय करायचं याची ही माहिती. राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्कात उपचार घेणारी जोडपी कोल्हापुरातलीच असतात असं नाही. गडहिंग्लज, निपाणी, राधानगरीहून येणारी असतात, त्यामुळं परत परत खेटे घालावे लागू नयेत असा क्रम लावला आहे. भ्रूण संशोधनाला द्यावेत की नाही हे आम्ही सांगणार नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे की ‘संशोधन’ हा शब्द एका चौकोनात मावत नाही. कोण करणार, कुठं, कशासाठी आणि कुठवर, हे लेखी कळल्याशिवाय खूण करू नये. आणि भ्रूण आपल्या लेखी काय आहे हे नवरा-बायकोनं आपल्या भाषेत बोलून घेतल्याशिवाय तर मुळीच करू नये.

आधी मोजणी

फोनवर काही ठरवू नका. दवाखान्यात जा आणि या गोष्टी लेखी मागा: भ्रूण किती, ते किती स्ट्रॉमध्ये आहेत, कितव्या दिवशी गोठवले, प्रत काय, गोठवल्याची तारीख, भाडं कुठल्या महिन्यापर्यंत भरलं आहे. सोबत फ्रीजिंगच्या वेळी तुम्ही सही केलेल्या संमतीपत्राची झेरॉक्स घ्या. तो कागद तुमचा आहे, मागताना संकोच नको.

पहिली चूक इथंच होते. ‘आठ आहेत’ म्हणजे आठ भ्रूण की आठ स्ट्रॉ? स्ट्रॉ म्हणजे भ्रूण ज्यावर किंवा ज्यात ठेवून लिक्विड नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंश सेल्सिअसला बुडवतात ती बारीक प्लॅस्टिकची पट्टी किंवा नळी. एका स्ट्रॉमध्ये एक भ्रूण असू शकतो, दोनही असू शकतात.

दिवस का विचारायचा? तिसऱ्या दिवसाचा भ्रूण साधारण आठ पेशींचा असतो. पाचव्या-सहाव्या दिवशी तो शे-दोनशे पेशींचा पोकळ गोळा होतो, त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, काढतात त्या ब्लास्टोसिस्टमधून. तिसऱ्या दिवशी गोठवलेला भ्रूण त्यासाठी प्रयोगशाळेत आणखी दोन-तीन दिवस वाढवावा लागतो, आणि त्यातले बरेच मधेच थांबतात. रिपोर्टवर ‘४एबी’ असं काही लिहिलेलं असेल तर त्यातला आकडा गोळा किती फुलला आहे ते सांगतो, पहिलं अक्षर आतल्या पेशींच्या पुंजक्याची प्रत आणि दुसरं बाहेरच्या थराची. आतल्या पुंजक्यातून बाळ घडतं, बाहेरच्या थरातून वार. मूलपेशी त्या आतल्या पुंजक्यातल्याच.

कायद्यानं कुठल्या वाटा ठेवल्या आहेत

सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा २०२१ चा, लागू झाला २५ जानेवारी २०२२ ला. त्यानुसार भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं साठवता येतात. त्यानंतर एकतर ते नष्ट होऊ द्यायचे, नाहीतर जोडप्याच्या संमतीनं, या कायद्याखाली नोंदलेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. दहा वर्षांच्या आत तुम्हाला ते स्वतःसाठी वापरता येतात, पण उपचारासाठी बाईचं वय ५० आणि पुरुषाचं ५५ च्या आत असावं लागतं. बायको आज ४७ ची असेल तर तुमच्या हातात दहा वर्षं नाहीत, तीन आहेत. हा हिशेब भाडं भरण्याआधी करा.

‘माझ्या नणंदेला मूल नाही, तिला द्या की’ असं मोठ्या मनानं म्हणणाऱ्या बायका आहेत. २०२२ च्या नियमांप्रमाणं शिल्लक भ्रूण त्याच स्त्रीसाठी राखून ठेवायचे असतात, दुसऱ्या जोडप्यासाठी वापरता येत नाहीत. विकणं तर गुन्हाच आहे: पहिल्या वेळी पाच ते दहा लाख दंड, पुन्हा केल्यास तीन ते आठ वर्षं कैद आणि वर दहा ते वीस लाख दंड. संशोधनासाठी परदेशात पाठवायलाही पूर्ण बंदी आहे. आणि ‘त्यातला मुलगा कुठला ते सांगा, तेवढा ठेवतो’ असं चुकूनही विचारू नका. कुणी आपणहून सांगत असेल तर तिथून उठा.

प्रयोगशाळेत नेमकं काय होतं

याबाबत गोड बोलण्यात अर्थ नाही. मूलपेशी काढताना भ्रूण संपतो. गोठवलेला ब्लास्टोसिस्ट वितळवतात, बाहेरचा थर वेगळा करतात, आतला पुंजका बशीत पोषक द्रावणात ठेवतात. पेशी तग धरून वाढू लागल्या तर दर काही दिवसांनी त्यांची वाटणी करून नव्या बशांत घालतात. वर्षानुवर्षं वाढत राहणाऱ्या या पेशींच्या वंशाला सेल लाइन म्हणतात. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांच्या गटानं १९९८ साली माणसाच्या भ्रूणातून पहिल्यांदा अशा लाइन्स काढल्या. तेव्हा १४ भ्रूणांतले पुंजके वेगळे केले, त्यातून ५ लाइन्स उभ्या राहिल्या. म्हणजे तज्ज्ञांच्या हातीसुद्धा दिलेल्या प्रत्येक भ्रूणातून काही निघेल असं नसतं.

समजावून सांगणारे बहुतेक वेळा ‘फक्त चौदा दिवसांपर्यंतच परवानगी असते’ असं म्हणून धीर देतात. नियम खरा आहे. ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीनं १९८४ साली ही मर्यादा सुचवली आणि १९९० साली तिथं तिचा कायदा झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तीच आहे: चौदा दिवस, किंवा भ्रूणावर शरीराचा अक्ष ठरवणारी पहिली रेघ दिसेपर्यंत, यांतलं जे आधी घडेल ते. त्या रेघेच्या आधी एका भ्रूणाची जुळी होऊ शकतात आणि मज्जातंतूंची पेशी एकही नसते, म्हणून सीमा तिथं आखली. पण तुमच्या निर्णयाच्या दृष्टीनं हा आकडा दिशाभूल करतो. मूलपेशींसाठी दिलेला भ्रूण पाचव्या-सहाव्या दिवशीच संपलेला असतो. चौदाव्या दिवसाचा प्रश्न येतो तो भ्रूण कसा वाढतो याचा अभ्यास करणाऱ्या वेगळ्या प्रयोगांत. उलट सेल लाइनला मुदतच नसते. १९९८ मधल्या लाइन्स आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवल्या जातात. चौदा दिवसांपेक्षा या न संपणाऱ्या मुदतीचा विचार करा.

घरात बोलायचं कसं

दोन बैठका पुरतात, प्रत्येकी तासाभराच्या, मधे आठवड्याचं अंतर ठेवून. पहिल्या बैठकीला फक्त नवरा-बायको. मामंजी, आत्याबाई, मोठे दीर, कुणी नको. त्यांचं मत नंतर ऐकता येईल. चर्चा सुरू करण्याआधी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची, एकमेकांचं न बघता.

एक, टँकमध्ये आहे ते आपल्या लेखी काय: मूल, मूल होण्याची शक्यता, की पेशी? दोन, त्याचा शेवट कसा झाला तर माझ्या मनाला टोचणी लागणार नाही? तीन, आपल्या भ्रूणातून निघालेल्या पेशी आपण म्हातारे झाल्यावरही कुठंतरी बशीत वाढत असतील, हे मला चालेल का?

लिहायला लावण्याचं कारण आहे. तोंडी विचारलं की एकजण बोलतो आणि दुसरं माणूस, बहुतेक वेळा बायको, ‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून मोकळी होते. कायद्याला दोघांचीही लेखी संमती लागते, एकाच्या सहीवर भ्रूण हलवता येत नाहीत. शिवाय सुया तिनं टोचून घेतलेल्या असतात. तिसरा प्रश्न सगळ्यांत जास्त काम करतो. पहिल्या दोन प्रश्नांना ठाम उत्तर दिलेली माणसंही तिथं थबकतात. कुणाला ते भयंकर वाटतं, तर कुणाला उलट बरं वाटतं, की आपलं काहीतरी उपयोगात राहिलं.

मग आठवडाभर घराघरात नेहमीचेच काही मुद्दे फिरतात. त्यांची ताकद कुठं आणि खोट कुठं ते सांगतो.

‘नाहीतरी टाकूनच द्यायचेत, मग उपयोगाला आले तर काय बिघडलं?’ हा सगळ्यांत वजनदार मुद्दा आहे, पण तो एकाच अटीवर टिकतो: टाकून द्यायचा निर्णय आधी झालेला हवा, आणि संशोधनाचा त्याच्याशी काही संबंध नसावा. म्हणून क्रम सोडू नका. कागदांवर काहीही लिहिलं असलं तरी पहिल्या बैठकीत फक्त ‘आपल्याला आणखी मूल हवं आहे का’ एवढंच ठरवा आणि तो विषय बंद करा. उत्तर नक्की ‘नाही’ असेल तरच दुसऱ्या बैठकीत ‘मग नष्ट होऊ द्यायचे की संशोधनाला द्यायचे’ हा प्रश्न घ्या. दोन्ही एकत्र ठरवायला घेतले की ‘चांगल्या कामाला देतोय’ या भावनेखाली दुसऱ्या मुलाची इच्छा दडपली जाते आणि वर्षभरानं ती वर येते. तेव्हा परत आणायला काही उरलेलं नसतं.

‘निसर्गातही कितीतरी गर्भ रुजत नाहीत, पाळीबरोबर निघून जातात.’ खरं आहे, पण आपोआप जाणं आणि आपण ठरवून करणं यात फरक मानणाऱ्या माणसाला हे उत्तर पुरत नाही. त्याच्यावर हे लादू नका.

‘कुणाचा तरी आजार बरा होईल.’ भ्रूणाच्या मूलपेशींपासून बनवलेल्या पेशींच्या चाचण्या टाइप १ मधुमेह, पार्किन्सन्स आणि डोळ्याच्या पडद्याच्या आजारांवर चालू आहेत, आणि त्यातली काही उत्तरं खरंच आशा वाटावी अशी आहेत. मात्र तुमच्या चार भ्रूणांतून एखादा रुग्ण बरा होईल अशी सरळ दोरी बांधू नका. बहुतेक काम हे शिकण्याचं, तपासण्याचं असतं. आणि ‘आपल्याच मुलाला पुढं उपयोगी पडतील’ हा तर निव्वळ गैरसमज आहे. दिलेल्या भ्रूणातून झालेल्या पेशी तुमच्यासाठी राखून ठेवत नाहीत. तो भ्रूण तुमच्या मुलाचं भावंड असता, त्याची हुबेहूब प्रत नव्हे. नाळेतलं रक्त साठवणाऱ्या बँकांच्या जाहिराती, गुडघ्याला आणि अर्धांगवायूला ‘स्टेम सेल’ टोचणाऱ्या दवाखान्यांच्या जाहिराती आणि हा विषय, तिन्ही डोक्यात वेगवेगळे ठेवा. आजघडीला रुटीन उपचार म्हणून प्रस्थापित आहे ते रक्ताच्या आजारांसाठी केलं जाणारं रक्तमूलपेशींचं, म्हणजे बोन मॅरोचं प्रत्यारोपण.

‘आता भ्रूणाची गरजच उरली नाही ना?’ जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या कातडीतल्या पेशी पुन्हा मूलपेशींसारख्या करून दाखवल्या. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्याबरोबर मिळालं. त्यानंतर भ्रूणांची गरज कमी झाली, संपली नाही, कारण या नव्या पेशी कितपत खऱ्यासारख्या आहेत हे ताडून बघायला भ्रूणाच्याच पेशी लागतात. तरी ज्यांचं मन ‘नको’ म्हणतं त्यांना यातून घेण्यासारखं आहे: तुम्ही नाही म्हटल्यानं कुणाचा उपचार अडत नाही. अपराधी वाटून घेऊ नका.

धर्माचा प्रश्न कोल्हापुरात टाळता येत नाही आणि टाळूही नये. दसरा चौकाच्या आसपास शाहू महाराजांच्या काळातली वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी आहेत. त्या सगळ्या समाजांतली जोडपी या दवाखान्यांत येतात आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं असतं. कॅथलिक चर्च फलनाच्या क्षणापासून माणूस मानतं. मुस्लिम परंपरेत गर्भात रूह १२० दिवसांनी येते असं बरेच उलेमा मानतात. जैन घरांत सूक्ष्म जीवाचीही हिंसा मोजली जाते, त्यामुळं तिथं हा निर्णय फार जड जातो. हिंदू ग्रंथांत तर एक उत्तर नाहीच: चरकसंहितेत शुक्र-शोणिताच्या संयोगाबरोबरच आत्मा येतो, गर्भोपनिषदात जीव सातव्या महिन्यात येतो. ‘शास्त्रात लिहिलंय’ म्हणणाऱ्याला कुठल्या शास्त्रात ते जरूर विचारा.

महाराजांना, मौलानांना, फादरना विचारायला जाणार असाल तर प्रश्न पुरा विचारा. ‘गर्भ काढला तर चालेल का’ असं विचारलं तर उत्तर गर्भपाताचं मिळेल, आणि तुमचा प्रश्न तो नाही. असं म्हणा: ‘पाच दिवसांचा भ्रूण आहे, पोटात कधी ठेवलेला नाही, गोठवलेला आहे, आम्हाला आणखी मूल नको आहे. तो तसाच नष्ट होऊ द्यावा की अभ्यासाला द्यावा?’ मिळणारं उत्तर कित्येकदा पहिल्यापेक्षा वेगळं असतं.

दुसऱ्या बैठकीनंतरही एकमत झालं नाही तर? एक वर्षाचं भाडं भरा आणि थांबा. उसाचं बिल आल्यावर भरायचं असेल तर तसं दवाखान्याला लेखी कळवून तारीख पुढं घ्या. न बोलता थकवू नका. मतभेद असताना संशोधनाला मात्र देऊ नका, कारण ठेवणं, वापरणं, नष्ट होऊ देणं आणि संशोधनाला देणं या चार वाटांतली तीच एक अशी आहे की जिचा परिणाम संपतच नाही.

द्यायचं ठरलं तर काय काय मागायचं

पहिला प्रश्न: घेणारी संस्था कुठली, आणि ती कायद्याखाली नोंदलेली आहे का? या प्रश्नाला नाव मिळालं नाही तर पुढं जाऊ नका. असंही होतं की फॉर्मवर ओळ छापलेली असते, पण दवाखान्याचा कुठल्याही संशोधन संस्थेशी करार नसतो. मग ‘संशोधन’ म्हणजे प्रत्यक्षात नवीन कर्मचाऱ्यांना भ्रूण वितळवायला शिकवणं, असा अर्थ निघतो. प्रशिक्षणही गरजेचं आहे, पण ते संशोधन नव्हे. त्याची परवानगी वेगळी मागितली पाहिजे आणि तुम्हाला ती वेगळी नाकारता आली पाहिजे.

संस्थेचं नाव मिळालं की प्रकल्पाचं शीर्षक आणि दोन मंजुरीपत्रांच्या प्रती मागा: एक संस्थेच्या एथिक्स कमिटीची, दुसरी मूलपेशी संशोधनाच्या संस्थास्तरीय समितीची. दुसरी समिती राष्ट्रीय शिखर समितीकडं नोंदलेली असावी लागते. फक्त एथिक्स कमिटीचं पत्र दाखवलं तर काम अर्धवट आहे. मग माहितीपत्रक मराठीत मागा. इंग्रजी माहितीपत्रक तोंडी ‘समजावून’ दिलं तर सही करू नका. समजेल अशा भाषेत माहिती मिळणं हा संमतीचाच भाग आहे.

त्या पत्रकात या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या दिसल्या पाहिजेत. भ्रूण नष्ट होणार आहे. त्यातून सेल लाइन झाली तर ती किती काळ राहील आणि इतर प्रयोगशाळांना दिली जाईल का. पेशींची जनुकीय तपासणी किंवा त्यांत बदल होणार का. तुमची नावं कुठल्या टप्प्यावर काढून टाकली जातील, आणि कोड कुणाकडं राहील. त्यातून पुढं औषध किंवा पेटंट निघालं तर तुम्हाला पैसे मिळणार नाहीत. आणि संमती मागं घेण्याची शेवटची वेळ कोणती. भ्रूण वितळवेपर्यंत माघार घेता येते असं लिहून घ्या. लाइन तयार होऊन वाटली गेली की ती परत बोलावण्याचा मार्ग नसतो. जनुकीय तपासणीचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. त्या पेशींत तुमच्या दोघांचा आणि पर्यायानं तुमच्या मुलाचाही वारसा असतो.

उपचार करणारे डॉक्टर आणि संशोधन करणारी माणसं वेगळी असली पाहिजेत. ज्यांच्या हातून आपल्याला मूल झालं त्यांना नाही म्हणणं फार अवघड असतं, ते उपकाराचं ओझं असतं. दक्षिण कोरियात ह्वांग वू-सुक यांचे २००४ आणि २००५ चे गाजलेले शोधनिबंध खोट्या माहितीमुळं २००६ च्या जानेवारीत मागं घेतले गेले. त्या चौकशीत हेही बाहेर आलं की त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ सहकारी स्त्रियांची अंडी वापरली होती. वरिष्ठांनी मागितलं की ‘हो’ म्हणणं मोकळं राहत नाही, हे तिथं सगळ्या जगानं पाहिलं.

‘दिलेत तर थकलेलं भाडं माफ’, ‘पुढच्या सायकलला (उपचाराच्या फेरीला) सवलत’ असं कुणी सुचवलं तर तिथंच थांबा. पैशाच्या बदल्यात भ्रूण म्हणजे विक्रीच, नाव काहीही द्या. आणि सगळं पटलं तरी सही त्याच दिवशी करू नका. पत्रक घरी आणा, एक रात्र जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी दोघं मिळून जा.

अजून अंडी काढायची आहेत त्यांच्यासाठी

खरं तर हा प्रश्न इथंच अर्धा सोडवता येतो. समजा बारा अंडी निघाली. त्यातली नऊ-दहा पक्व असतात, सातेक फलित होतात, आणि तीन-चार ब्लास्टोसिस्टपर्यंत पोचतात. व्यक्तीगणिक यात खूप फरक पडतो. फलनापासूनच जीव आहे अशी तुमची धारणा असेल तर अंडी काढण्याच्या आधीच्या भेटीत डॉक्टरांना सांगा: तीन-चारच अंडी फलित करा, बाकीची अंडीच गोठवा. अंडी गोठवली तर भ्रूणाचा प्रश्न उभा राहत नाही. याची किंमतही समजून घ्या. या सायकलमध्ये चांगला भ्रूण मिळण्याची शक्यता घटते, वितळवताना काही अंडी जातात, आणि नंतर फलनासाठी इक्सी (एकेका अंड्यात सुईनं एकेक शुक्राणू सोडणं) करावीच लागते, म्हणजे खर्च वाढतो. इटलीनं २००४ साली कायद्यानंच तीनपेक्षा जास्त भ्रूण बनवायला मनाई केली आणि बनतील ते सगळे एकदम गर्भाशयात ठेवायची सक्ती केली होती. २००९ साली तिथल्या घटना न्यायालयानं बाईच्या प्रकृतीच्या कारणानं ती तरतूद रद्द केली. मर्यादा घालायची तर ती तुमच्या वयाकडं आणि तब्येतीकडं बघून घातली पाहिजे.

फ्रीजिंगच्या फॉर्मवर दोघांपैकी एकाचा मृत्यू झाला किंवा कुणी असमर्थ झालं तर भ्रूणांचं काय, हा रकाना असतो. अशी सूचना लेखी घेतल्याशिवाय गोठवायचं नाही असं कायदाच सांगतो. तो अशुभ म्हणून रिकामा सोडू नका.

टँकची चौकशी

ठेवायचं ठरलं तर कोल्हापुरात एक जादा प्रश्न विचारावा लागतो: पुराचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक काही दिवस बंद होती, व्हीनस कॉर्नरसारख्या भागात पाणी शिरलं होतं. लिक्विड नायट्रोजन बाहेरून येतो. टँक कितव्या मजल्यावर आहे, भरलेला टँक न भरता किती दिवस टिकतो, राखीव टँक आहे का, पातळी रोज मोजून वहीत लिहितात का, हे विचारा. चांगल्या स्थितीतला मोठा टँक काही आठवडे निभावतो, वारंवार उघडला तर कमी. दोन भिंतींमधली पोकळी निकामी झाली तर मात्र नायट्रोजन झपाट्यानं उडतो. टँकला बाहेरून घाम किंवा बर्फ धरणं ही त्याची खूण. विजेचा इथं संबंध नाही, त्यामुळं ‘आमच्याकडं जनरेटर आहे’ हे या प्रश्नाचं उत्तर होत नाही.

फोन नंबर किंवा पत्ता बदलला की दवाखान्याला लेखी कळवा, आणि माहेरचा किंवा भावाचा एक नंबर जादा द्या. भाड्याची आठवण बंद झालेल्या सिमकार्डावर जात राहते आणि भ्रूण बेवारस धरले जातात, ही साधी चूक आहे आणि नेहमी होते.

नष्ट होऊ द्यायचं ठरलं तर

दोघांच्या सहीचं पत्र, त्यात स्ट्रॉचे नंबर आणि संख्या. ठरल्या दिवशी स्ट्रॉ नायट्रोजनमधून काढून साध्या तापमानाला ठेवतात, पेशी तग धरत नाहीत, मग ते जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणं जातं. समोर उभं राहायचं असेल तर आधी विचारा. निदान तारीख आणि वेळ तरी कळवायला सांगा. त्या वेळी घरी दिवा लावणारी जोडपी आहेत, आणि ते अगदी योग्य आहे. ‘सुतक पाळायचं का’ असं घरात कुणी विचारतंच. पोटात कधी न राहिलेल्या भ्रूणासाठी रूढ असा नियम नाही, त्यामुळं तुम्हाला जे करून बरं वाटेल ते करा, कुणाच्या दबावाखाली काही करू नका.

नंतर दवाखान्याकडून तारखेचं आणि सही-शिक्क्याचं पत्र घ्या, आणि त्यावरची स्ट्रॉची संख्या पहिल्या दिवशीच्या मोजणीच्या कागदाशी जुळते का ते तिथंच उभं राहून बघा.